चाळीस माणसं, एक इंजिन आणि लिमये काका

लिमये काकांना "किती वाजले?" असं विचारलं, तर ते किती वाजले ते सांगत नाहीत. "बर्लिनची आत्ताच गेली," असं सांगतात. पुढचं गणित तुमचं तुम्ही करायचं. मनगटावर घड्याळ नाही, खिशात मोबाइल असतो पण तो कायम बंद, आणि तरीही हा माणूस कधी अर्धं मिनिट इकडचा तिकडे झालेला मी पाहिलेला नाही. ब्राउनश्वाइगच्या स्टेशनपासून आमची इमारत चालत सात मिनिटांवर. काका तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. वारा त्या बाजूचा असला की गाड्या ऐकू येतात, आणि काकांना तेवढं पुरतं.

माझी ऋचा इथल्याच हॉस्पिटलात झाली. माझ्या नवऱ्यानं, अजितनं, आनंदाच्या भरात काकांना फोन केला. काकांचा पहिला प्रश्न, "वेळ?" अजितनं सांगितली. "म्हणजे हानोफरची गेल्यावर आणि मागदेबुर्गची यायच्या आत. छान! मोकळ्या रुळावर आली पोरगी." ऋचा आता सात वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. शाळेत बाईंनी जन्मवेळ विचारली तेव्हा तिनं हेच सांगितलं, आणि बाईंनी मला भेटायला बोलावलं.

काका इथल्या तांत्रिक विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आहेत. पोलादाला किती ताण दिला की ते तुटतं, हे मोजायचं काम. तीस वर्षं तेच. "तुटायच्या आधी ते आवाज करतं," काका सांगतात. "आपण ऐकत नाही." हे ते पोलादाबद्दलच बोलतात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

आम्ही दोघं पहिल्यांदा इथे आलो ते ऐन जानेवारीत, चार बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन. काकांशी ओळख म्हणजे फक्त इथल्या मराठी मंडळाच्या यादीतून मिळालेला ई-मेल. गाडी थांबली, दार उघडलं, आणि दाराच्या बरोब्बर समोर एक उंच, किडकिडीत, कानटोपी घातलेला माणूस हात पुढे करून उभा होता. "कुकर आधी द्या," तो म्हणाला. आमचा डबा कुठे थांबणार हे त्यानं आदल्या दिवशी येऊन पाहून ठेवलं होतं. त्यानंतर घराचा करारनामा त्यांनी वाचला, नगरपालिकेतल्या नोंदणीला तेच आले, आणि कचऱ्याचे चार डबे कशाकशाचे यावर त्यांनी माझी तोंडी परीक्षाही घेतली. मी नापास झाले. अजूनही पिवळ्या डब्यात काही टाकलं की मी वर बघते.

काकांची तीन वाक्यं ठरलेली. काही सुरू करायचं असलं की "आल्झो, ऐका." दुसऱ्याचं बोलणं पटलं की तर्जनी वर करून "गेनाऊ!" आणि काही बिघडलं की अगदी हळू आवाजात, "हे नियोजनात नाही." शिवाय प्रत्येक गोष्टीत चार मिनिटं राखीव. चहाला चार मिनिटं राखीव, डॉक्टरकडे चार मिनिटं राखीव. मंडळाच्या गणपतीत आरतीलासुद्धा काकांनी चार मिनिटं राखीव ठेवली होती, आणि ती संपेपर्यंत प्रसाद मिळाला नाही. मी मुळात तापट. त्या दिवशी मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दर शनिवारी काका वाफेच्या इंजिनांच्या एका फेराइनमध्ये जायचे. फेराइन म्हणजे हौशी लोकांचं मंडळ. या देशात दोन माणसांना एकच गोष्ट आवडली की तिसऱ्या दिवशी फेराइन निघतं. तिथे एक जुनं काळं इंजिन होतं. काका त्याची नळकांडी घासायचे, काजळी काढायचे, आणि संध्याकाळी काळेठिक्कर होऊन जिन्यानं वर जाताना कठड्याला हात लागू नये म्हणून दोन्ही हात वर धरून जायचे. शेजारच्या आजीबाईंना पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी मागून पिस्तूल धरलंय.

हे झाले काका. आता काकू.

शैला काकू पुण्यात असायच्या. भांडण नाही, काडीमोड नाही, काही नाही. लग्न होऊन त्या इथे आल्या होत्या, चार वर्षं राहिल्या, आणि मग पुण्याच्या एका शाळेत भूगोलाची नोकरी मिळाली म्हणून परत गेल्या. काका म्हणाले, "तू हो पुढे, मी येतोच." ते 'येतोच' अठरा वर्षं चाललं. दर डिसेंबरात काका तीन आठवडे पुण्याला जायचे, दर रविवारी फोन करायचे. मूलबाळ नाही. लोक विचारत, आणि काका म्हणत, "तिची शाळा आहे ना." जसं काही शाळा काकूंनी स्वतः बांधली होती.

त्या एप्रिलमध्ये काकू निवृत्त झाल्या, आणि मे महिन्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर इथे आल्या. अठरा वर्षांत पहिल्यांदा. बुटक्या, गोऱ्या, खणखणीत आवाजाच्या. आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्याच सुमाराला माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. दोघींचं मेतकूट असं जमलं, की आठवड्याभरात मला माझ्याच स्वयंपाकघरात जागा उरली नाही. मेथी निवडता निवडता सासूबाईंनी सरळ विचारलं, "मग शैलाताई, आता राहणार, की परत?"

"मला यांनी विचारलं तर राहीन," काकू म्हणाल्या. "पण विचारत नाहीत ना. आल्यापासून एकदा नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला परतीचं तिकीट आहे."

"मग तुम्हीच सांगा ना, राहते म्हणून."

"मी का सांगू? अठरा वर्षं माझ्याशिवाय राहिलेला माणूस. आपण होऊन गळ्यात पडायचं वय आहे का हे माझं?"

सासूबाईंनी रात्रीच्या जेवणाला ही बातमी आम्हाला दिली, आणि अजित म्हणाला, "आपण मध्ये पडायला नको." नवरे असंच म्हणतात. मी मध्ये पडायचं त्याच क्षणी ठरवलं. पण मी वर जायच्या आधी काकाच खाली आले. हातात आलेखाच्या कागदाची भलीमोठी गुंडाळी होती.

"आल्झो, ऐका," काका म्हणाले. "सहल."

बायको अठरा वर्षांनी घरी आलीय, आणि हा माणूस सहल काढतोय! तीही कुठे, तर वाफेच्या इंजिनानं उत्तरेला बाल्टिक समुद्रावर. तिथे एक छोटी, अरुंद रुळांची, अजून वाफेवर चालणारी जुनी गाडी आहे. ती गावाच्या रस्त्यातून, दुकानांच्या दारातून वाट काढत समुद्रापर्यंत जाते. काकांच्या फेराइनची खास गाडी जुलैच्या एका शनिवारी ब्राउनश्वाइगहून तिकडे निघणार होती. मंडळानं मेअखेर चाळीस नावं दिली तर एक अख्खा डबा आपला. नाही दिली तर तो डबा एका बोलिंग क्लबला जाणार.

"पुढच्या वर्षी जाऊ की काका," अजित म्हणाला.

"पुढच्या वर्षी नाही. इंजिनाच्या बॉयलरचा परवाना ऑक्टोबरात संपतोय. मग ते थंड. किती वर्षं, कुणास ठाऊक." आणि त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर तो कागद उलगडला. वरणाचं पातेलं मी कसंबसं वाचवलं.

कागदावर आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला अंतर, आणि मधे तिरक्या रेघा. रेल्वेवाले गाड्या अशा आखतात म्हणे. पण काकांनी गाड्यांच्या आधी माणसं आखली होती. प्रत्येक कुटुंबाची एक रेघ, घराच्या दारापासून फलाटापर्यंत. "ही तुमची, मृणाल," काका म्हणाले. "इथे वाकडी आहे बघ."

"का?"

"तू घरातून निघतेस आणि गॅस बंद केला का ते बघायला परत जातेस. सरासरी पावणेतीन मिनिटं."

मी पातेलं ओट्यावर ठेवायला वळले. कारण ते खरं होतं.

मग नावं गोळा करायचं सुरू झालं. आणि काकांची खरी पंचाईत तिथेच झाली, कारण तीस वर्षं इथे राहून ते आपल्या माणसांची भाषा विसरले होते. कुणी "बघू" म्हटलं की काका त्याचं नाव पेनानं लिहायचे. "जमवतो" म्हटलं की सीटचा नंबर द्यायचे. "यायला काय, आवडेलच" हे तर त्यांच्या दृष्टीनं सहीशिक्क्याचं वचन. पहिल्या आठवड्यात बेचाळीस नावं झाली. काका खूश. मी यादी घेऊन एकेकाला फोन केले, तेव्हा बेचाळिसाची एकोणीस झाली.

"म्हणजे ते खोटं बोलले?" काकांचा चेहरा पडला.

"नाही हो काका. ते नाही म्हणत होते."

"पण त्यांनी हो म्हटलं!"

"आपण नाही असंच म्हणतो."

काकांनी यादीतली तेवीस नावं एकेक करून खोडली. मग म्हणाले, "मी विसरलोच होतो."

तीन दिवस उरले, नावं एकतीस. बोलिंग क्लबचे दोन फोन येऊन गेले होते. काका जेवत नाहीत, असं काकू सांगत आल्या. माझं डोकं फिरलं. मी तिसऱ्या मजल्यावर गेले. काकू सासूबाईंबरोबर बाजारात गेल्या होत्या; काका खिडकीशी उभे.

"काका, नाही झाली सहल तर नाही झाली!" मी म्हटलं. "काकू आल्यात ना? त्यांना घेऊन तुम्ही दोघंच जा समुद्रावर. साध्या गाडीनं. कशाला चाळीस माणसं हवीत तुम्हाला?"

"दोघंच?" काका म्हणाले. मग एकदम बारीक आवाजात, "आणि सहा तास बोलायचं काय?"

मी खुर्चीत बसले.

"ती हर्णैची आहे, मृणाल. घरासमोर समुद्र. मी तिला इथे आणलं. चार वर्षं. भाषा येत नाही, काम नाही, आणि मी प्रयोगशाळेत. सुट्टीत मी तिला काय दाखवलं, माहीत आहे? इंजिनं. सगळी इंजिनं दाखवली. समुद्र एकदाही दाखवला नाही. ह्याच खिडकीत ती उभी असायची. संध्याकाळी मी यायचो तेव्हा खालून दिसायची. मला वाटायचं, माझी वाट बघतेय. मला बरं वाटायचं, मूर्ख माणूस." काकांनी बाहीनं खिडकीची काच पुसली. "तेव्हा मी तिला विचारलं होतं, येतेस का म्हणून. ती हो म्हणाली, आणि तिची चार वर्षं गेली. आता परत कुठल्या तोंडानं विचारू? आधी समुद्र तर दाखवतो."

मी जी खाली आले ती थेट फोनला बसले. दोन दिवसांत मी नऊ माणसं उभी केली. कशी केली ते विचारू नका. पीएच.डी. करणाऱ्या चार पोरांना पुरणपोळीचं आमिष दाखवलं. एका बाईंना सांगितलं की तुमच्या जाऊबाई येणार आहेत. जाऊबाईंना सांगितलं की त्या बाई येणार आहेत. दोघी चिडून आल्या, पण आल्या. मुदतीच्या दिवशी चाळिसावं नाव लिहिलं तेव्हा काकांनी तर्जनी वर केली, पण "गेनाऊ" काही तोंडातून बाहेर पडलं नाही.

एवढं झाल्यावर एखाद्यानं गप्प बसावं. पण काकांनी आणखी एक शहाणपणा केला. गेल्या सहा वर्षांतल्या मंडळाच्या कार्यक्रमांना कोण किती उशिरा येतं, याच्या नोंदी त्यांच्याकडे होत्या. गाडी सहा बाराला. काकांनी प्रत्येक कुटुंबाला त्याच्या त्याच्या उशिराप्रमाणे वेगळी वेळ कळवली. आम्हाला सहाची. देशपांड्यांना सव्वापाचची. देशपांडे सवयीप्रमाणे पाऊण तास उशिरा येणार, म्हणजे बरोबर सहाला पोचणार. कागदावर चोख.

आता मराठी माणसं आदल्या दिवशी एकमेकांना फोन करणार, हे काय कुणी सांगायला हवं? "तुम्हाला कितीची दिलीय?" एवढ्या एका प्रश्नानं आग लागली. आपल्याला अख्ख्या मंडळात सर्वांत लवकरची वेळ दिलीय हे कळल्यावर देशपांडे वहिनींचा असा काही अपमान झाला, की ते कुटुंब पहाटे पावणेपाचलाच फलाटावर जाऊन उभं राहिलं. बाकीचेही ईर्ष्येनं तसेच. सव्वापाचला चाळीसच्या चाळीस हजर! ब्राउनश्वाइगच्या मंडळाच्या इतिहासात असं घडलं नव्हतं. आता तासभर करायचं काय? कुणीतरी म्हणालं, एक एक पुरी खाऊन घेऊ. गाडी फलाटाला लागली तेव्हा दुपारच्या जेवणाचे सगळे डबे चाटूनपुसून रिकामे होते.

काका इंजिनाबरोबर यार्डातून आले. त्यांनी डबे पाहिले. "हे नियोजनात नाही," ते हळूच म्हणाले.

पण गाडी बाई काय सुंदर होती! हिरवे डबे, लाकडी बाकं, खाली सरकणाऱ्या खिडक्या. शिट्टी झाली तेव्हा माझ्यासुद्धा अंगावर काटा आला, आणि मला इंजिनांचं काडीचं कौतुक नाही. काका बसलेच नाहीत. दंडाला फेराइनची पट्टी लावून ते डब्यात येरझाऱ्या घालत होते. काकू खिडकीशी सासूबाईंसमोर बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारची जागा तशीच रिकामी.

"बसा ना जरा," काकू एकदा म्हणाल्या.

"आल्झो, पाण्याचं बघून येतो," म्हणून काका पळाले.

पाण्याचं म्हणजे असं, की पूर्वी स्टेशनांवर इंजिनात पाणी भरायची सोय असायची, ती आता राहिलेली नाही. म्हणून वाटेतल्या एका छोट्या स्टेशनात गावचा अग्निशमन बंब येऊन इंजिनात पाणी भरतो. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. लाल बंब धावत गाडीकडे येताना पाहिल्यावर सासूबाई ताडकन उठल्या. "अगं बाई, आग लागली!"

"आग सकाळपासूनच आहे, मंगलाताई," खिडकीखालून काका शांतपणे म्हणाले. "ती चालू राहावी म्हणून पाणी देतायत." सासूबाईंना हे उत्तर अजून पचलेलं नाही.

खरा घोटाळा झाला त्याच्या पुढच्या थांब्यावर. या हौशी लोकांची एक रीत आहे. आडरानात, छान देखाव्याच्या जागी सगळ्यांना खाली उतरवतात. रिकामी गाडी अर्धा किलोमीटर मागे जाते आणि मग धूर ओकत, शिट्ट्या मारत, जोरात पुढे येते. तेवढ्यासाठी दोनशे माणसं तिपाया लावून, श्वास रोखून उभी असतात. समोर चिटपाखरू येता कामा नये. काकांनी ही सूचना आमच्या डब्यात तीनदा दिली होती. पण तेव्हा त्या दोघी जावा समोरासमोर बसल्या होत्या, त्यांचं लक्ष सूचनेकडे नव्हतं, आणि बाकीच्यांचं लक्ष जावांकडे होतं.

आम्ही उतरलो. पाय मोकळे करतोय तोवर गाडी हलली. मागे निघाली. रिकामी!

"अहो गाडी चालली!" देशपांडे ओरडले. "माझी पर्स आत आहे!" देशपांडे वहिनी ओरडल्या. आणि चाळिसातली अडतीस माणसं गाडीमागे सुसाट धावली. सासूबाईंचा गुडघा सांगलीपासून दुखत होता, तोही धावला. अजित धावला. मीही धावले, खोटं कशाला बोलू? इकडे गाडी मागे जाऊन थांबली, आणि धूर सोडत पुन्हा पुढे यायला लागली. समोरून इंजिन येतंय, कडेच्या गवतातून साड्या, सलवारी आणि पीएच.डी.ची चार पोरं हात हलवत "थांबा, थांबा" करत चाललीत, आणि पलीकडच्या चढावर दोनशे जर्मन माणसं कॅमेऱ्यांमागून कपाळाला हात लावून उभी आहेत. फेराइनचे प्रमुख हेर (म्हणजे श्रीयुत) व्योल्के, सहा फूट उंचीचा शांत माणूस, टोपी काढून गवतात खाली बसले.

मी धापा टाकत काकांना शोधलं. वाटलं, या माणसाला आता झटका येणार. तीस वर्षांची अब्रू फेराइनसमोर मातीत गेली होती. पण काका इंजिनाकडे बघतच नव्हते. काकू कडेच्या गवतात बसून हसत होत्या. धावल्या नव्हत्या त्या. भूगोलाच्या बाई; सूचना नीट ऐकली होती. डोळ्यांतून पाणी, पदराचा बोळा तोंडात, आणि तरी हसू थांबत नव्हतं. काका दहा पावलांवर उभे राहून फक्त त्यांच्याकडे पाहत होते. इंजिन त्यांच्या मागून धडधडत गेलं, तरी त्यांनी मान वळवली नाही. मला त्या क्षणी त्यांचं इतकं कौतुक वाटलं, आणि इतका रागही आला. अरे, विचार ना बाबा!

हेर व्योल्केंनी मोठ्या मनानं इंजिन परत मागे नेलं आणि सगळं पुन्हा केलं. या वेळी चाळीसजण हाताची घडी घालून ओळीत उभे होते, शाळेसारखे. काकूंनीच उभे केले होते.

मग शेवटच्या स्टेशनात आम्ही गाडी बदलली, आणि ती अरुंद रुळांची छोटी गाडी आली. घंटा वाजवत, गावातल्या भर रस्त्यातून, बेकरीच्या इतकी जवळून की पीएच.डी.च्या पोरांनी खिडकीतूनच पाव मागितले. डबे रिकामे होते ना! झाडांच्या दुतर्फा रांगा संपल्या, आणि उजवीकडे समुद्र दिसला. सगळा डबा उजवीकडच्या खिडक्यांना चिकटला. काका दारात उभे होते, काकूंच्या चेहऱ्याकडे बघत.

किनाऱ्यावर वेताच्या मोठ्या टोपल्यांसारखी दोनदोन जणांची बाकं असतात, वर छप्पर असलेली, वारा लागू नये म्हणून. सासूबाईंचा गुडघा आता बोलायला लागला होता, म्हणून त्यांना घेऊन मी एका टोपलीत बसले. थोड्या वेळानं पाठीमागच्या टोपलीत कुणीतरी येऊन बसलं. ते काका-काकू आहेत हे आवाजावरून कळलं. आम्हाला ते दिसत नव्हते, त्यांना आम्ही. उठून जायला हवं होतं, हे मला मान्य आहे.



"आल्झो," शेवटी काका म्हणाले. "हा समुद्र."

"दिसतोय," काकू म्हणाल्या.

"आवडला?"

"तळं आहे हो हे. लाट कुठे आहे? वाससुद्धा नाही."

"आत्ता ओहोटी असेल. चार वाजेपर्यंत थांबलो तर..."

"बाल्टिकला भरती-ओहोटी नसते. म्हणजे असते, बोटभर. आठवीला शिकवायचे मी."

 मी डोळे मिटून घेतले. दोन महिन्यांचं नियोजन, आलेख, चाळीस माणसं, आणि समुद्र चुकला!

"हे मला माहीत नव्हतं," काका म्हणाले. आवाज अगदी गेलेला. "उत्तर समुद्र घ्यायला हवा होता."

"मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"हो."

"तुम्ही मला काही विचारतच नाही."

"हो," काका परत म्हणाले. मग म्हणाले, "मला भीती वाटते, शैला. मी विचारलं की तू हो म्हणतेस. मागच्या वेळी म्हणालीस, आणि चार वर्षं खिडकीत काढलीस."

"ते चार वर्षांचं मी बघेन. तुम्ही विचारायचं काम करा."

सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. लांब कुठेतरी देशपांडे वहिनी पाण्यात पाय घालून किंचाळत होत्या.

"राहशील?" काका म्हणाले. "इथे? माझ्याबरोबर?"

काकू काही बोलेनात. एक मिनिट गेलं. दोन गेली. मी श्वास रोखून बसले होते. सासूबाईंना मात्र तेवढा दम निघाला नाही. त्या टोपलीतून अर्धवट उठल्या आणि छपरावरून मोठ्यानं म्हणाल्या, "अहो शैलाताई, हो म्हणा की!"

मी तर मेल्याहून मेल्यासारखी झाले. पण मागून काकूंचा आवाज आला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा तोच.

"म्हणणारच आहे हो, मंगलाताई. अठरा वर्षांनी विचारलंय, जरा ऐकू तर द्या नीट." आणि मग अगदी हळू, फक्त काकांना ऐकू जाईल अशा बेतानं, पण वाऱ्यानं ते आमच्यापर्यंत आणलंच:

"हं. विचारा परत."

काकांनी परत विचारलं.